अठ्ठेचाळीस तासांचा कागद

ओहायोच्या पश्चिम कडेला,
जिथून अकरा मैलांवर इंडियाना सुरू होतं,
मी एकोणीस उन्हाळे शोभेची दारू विकली.
पत्र्याची लांब शेड, दारात वाळूच्या बादल्या,
भिंतीवर काचेत परवाना, त्यावर राज्याचा शिक्का,
आणि वर्षातून दोनदा येणारा अग्निशमन खात्याचा क्रिचफील्ड.
दोन रॅकमधली वाट तो टेपने मोजायचा
आणि जाताना मुलीसाठी फुलबाज्या घ्यायचा. पैसे देऊन.

विकायला मुभा होती, घ्यायलाही होती.
उडवायला नव्हती, या राज्यात तरी.
म्हणून गल्ल्यापाशी एक कागद:
‘हा माल मी अठ्ठेचाळीस तासांत राज्याबाहेर नेईन.’
खाली नाव, पत्ता, सही.

लोक सही ठोकायचे.
गाडीच्या बॉनेटवर, पोराच्या पाठीवर कागद टेकवून.
दंतवैद्य. शाळेचे मुख्याध्यापक.
शेरीफचा डेप्युटी ऑर्विल, साध्या कपड्यांत.
पास्टर हेल्मर म्हणाले, ‘यात शपथ तर नाही ना कुठे?’
आणि आडनाव तेवढं गिरगटून ठेवलं.
खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात;
आमच्याकडे चार जुलैच्या रात्री
खोट्याच्या कपाळावर लाल-निळा उजेड पडायचा
आणि अख्खं गाव माना वर करून बघायचं.

मी ते कागद तारीखवार लावायचे.
तीन वर्षं जपायचे, असा नियम होता.

एका जूनमध्ये एल्डन श्रॉक आला.
सहा बाणांचा एक खोका त्यानं काउंटरवर ठेवला,
खिशातून चष्मा काढला
आणि कागद वाचला. सगळा.
एकोणीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं.
‘इथे राज्याबाहेर लिहिलंय.’
‘हो.’
‘मी तर कोठारामागे उडवणार. वर्ना खिडकीतून बघेल.
तिला आता पायऱ्या उतरवत नाहीत.’
‘सगळेच सही करतात, मिस्टर श्रॉक.’
‘करत असतील.’
खोका त्यानं परत रॅकवर नेला,
लेबल पुढे येईल असा सरळ करून ठेवला.

मग बराच वेळ त्याचा ट्रक बाहेर उभा.
इंजिन बंद.
मी काचेतून बघत राहिले, हिशेब करत:
अकरा मैल. पलीकडे माझी चुलत बहीण ट्वायला,
तिचं सोयाबीन, कडेला पडीक तुकडा.
फोन केला. ती म्हणाली, या.

त्यानं सही केली तेव्हा अक्षर सावकाश होतं,
शाळेतल्यासारखं.

वर्ना ट्रकमध्ये, मांडीवर गोधडी, नाकात नळी.
ऑक्सिजन आहे म्हणून एल्डन शंभर पावलं लांब गेला,
मोठ्यानं मोजत.
पहिला बाण फुटला.
वर्ना म्हणाली, ‘मला वाटलं होतं मोठा असेल.’
मग म्हणाली, ‘अजून एक.’
चौथ्याला तिचा डोळा लागला.

दोन उरले.
मी म्हटलं, घेऊन जा, उद्या दाखवा तिला.
त्यानं मान हलवली.
‘परत नेले तर सही खोटी पडेल.’
ते ट्वायलाकडेच राहिले. तिच्या नातवंडांनी कधी उडवले, माहीत नाही.

पुढे कायदा बदलला.
आता ठरावीक रात्री अंगणात उडवता येतं, कागद बंद झाला.
पास्टर हेल्मर थोडे हिरमुसलेच वाटले मला.
क्रिचफील्डला विचारलं, या खोक्यांतल्या सह्यांचं काय करू, जाळू?
तो म्हणाला, उघड्यावर जाळायला वेगळी परवानगी लागते.

एक मी काढून घेतला आहे.
एल्डनच्या सहीखाली माझ्याच पेन्सिलीनं लिहिलेलं,
कुठल्या नियमात नसलेलं:
‘सीमा ओलांडली, रात्री नऊ बारा.’